भाड्याच्या घरात गीझर: अर्थिंग मालकाने द्यावं की आरसीबीओ पुरे?

तिसरी पिन
जुन्या इमारतीतल्या भाड्याच्या घरात अर्थिंगची खात्री झाल्याशिवाय गीझर चालू करू नये आणि ते अर्थिंग मालकाने करून द्यावं, असं माझं ठाम मत आहे. सॉकेटला तीन भोकं दिसली म्हणून मागे अर्थिंगची (गळतीचा करंट जमिनीत नेणारी) हिरवी वायर असेलच असं नाही. 2000 वॉटचा गीझर 8.7 अँपिअर ओढतो, 3000 वॉटचा 13. त्याला डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डपासून) स्वतंत्र तांब्याची वायर हवी: अडीच स्क्वेअर एमएमची, अंतर लांब असेल तर चारची. शिवाय 16 अँपिअरचा सॉकेट आणि बाथरूमबाहेर डीपी स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा). बसवणारा माणूस पाणी तापलं की निघून जातो. अर्थ नसला तरी पाणी तापतंच!

कोथरूडचा मालक
मूळ वायरिंग मालकाचं, हे मान्य. पण गीझर भाडेकरूने आणायचा आणि चौथ्या मजल्यापर्यंत मीटररूममधून अर्थवायर मालकाने ओढायची, तीही अकरा महिन्यांच्या करारासाठी? सोसायटीची परवानगी, जिन्यातली केसिंग पट्टी, सगळं आलं. त्यापेक्षा गीझरच्या लाईनवर 16 अँपिअरचा, 30 मिलिअँपिअर गळतीचा आरसीबीओ (गळती किंवा जादा करंट झाला की लाईन तोडणारा स्विच) लावा. तो फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांमधला करंट ताडून बघतो. फरक पडला की तो पडतो, म्हणजे लाईन तोडतो, त्याला अर्थिंग लागत नाही.

टेस्टलॅम्प
@कोथरूडचा मालक, अर्थिंग नसताना आरसीबीओ पडतो, पण कधी? खाऱ्या पाण्याने एलिमेंट फुटला की टाकीत आणि नळाच्या धातूत करंट येतो आणि तसाच राहतो. कुणाचा तरी ओला हात लागला की मगच तो पडतो. जीव बहुधा वाचतो, झटका मात्र बसतो, आणि ओल्या फरशीवर माणूस आपटतो. आरसीबीओसोबत अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच लाईन बंद.

@तिसरी पिन, नुसतं अर्थिंगही पुरत नाही. अर्थचा रेझिस्टन्स 10 ओहम धरला तर फॉल्ट करंट 23 अँपिअर. 16 अँपिअरचा सी टाईप एमसीबी (फक्त जादा करंटला पडणारा स्विच) तत्काळ पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. तोवर टाकीत करंट. म्हणून दोन्ही हवं. एकच जमत असेल तर आधी आरसीबीओ.

सगळ्यात घातक म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थला मारलेला लूप, म्हणजे दोन्ही जोडणारा वायरचा तुकडा. मीटरवर सगळं झकास दिसतं. प्रत्यक्षात गळतीचा करंट न्यूट्रलनेच परत जातो, आरसीबीओला फरक कळतच नाही. आणि न्यूट्रल तुटला तर टाकीवर थेट 230 व्होल्ट. म्हणून सॉकेट उघडून डोळ्यांनी बघावं.

तिसरी पिन
मग तपासायचं कसं? टेस्टरने तर फक्त फेज कळतो.

टेस्टलॅम्प
मल्टिमीटरही फसवतो, कारण त्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. कुजलेल्या अर्थवरही 230 दाखवतो. लोड द्यायला हवा. हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आधी घरातल्या तीन पिनच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढायचे, नाहीतर अर्थ तुटलेला असल्यास त्यांच्या पत्र्यावर करंट येईल. मग 100 वॉटचा साधा बल्ब फेज-न्यूट्रलवर लावायचा, नंतर फेज-अर्थवर. उजेड सारखाच हवा. मिणमिणला तर अर्थ निकामी. लाईनवर आरसीसीबी (फक्त गळतीला पडणारा स्विच) किंवा आरसीबीओ असेल तर दुसऱ्या वेळी तो पडेल, तसा पडायलाच हवा.

करारनामा
कायद्याची बाजू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 14 नुसार वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हे 'भाडेकरू'साठी. लिव्ह अँड लायसन्सवर (वापराच्या परवान्याच्या करारावर) राहणाऱ्याने या कलमावर विसंबू नये. करारातच लिहून घ्यावं: "16 अँपिअरचा अर्थिंगसह पॉईंट, तपासून दिलेला."

कोथरूडचा मालक
तसं लिहायला माझी हरकत नाही. पण जुन्या घरात दोन-तीन सर्किटना एकच न्यूट्रल असतो. तिथे आरसीबीओ उगाच पडत राहील आणि कुणीतरी तो बायपास करेल. ती जबाबदारी मालकाची नाही.

टेस्टलॅम्प
बायपास होऊ नये म्हणूनच गीझरला डीबीपासून फेज आणि न्यूट्रल दोन्ही स्वतंत्र ओढायचे. ते भिंतीतलं काम, म्हणजे मालकाचंच. आरसीबीओ भाडेकरूने घ्यावा, महिन्यातून एकदा त्याचं 'टी' बटण दाबून बघावं आणि घर सोडताना खुशाल काढून न्यावा.