युद्धात खर्चाचं विचारायचं नाही म्हणता, तर मग कधी?

वर एक दादा म्हणायलेत की लढाई चालू असताना सामानाचा, पैशाचा हिशोब विचारला की जवानांचं मन खचतं. मला हे अजिबात पटत नाही.

१९६२ चं चीनबरोबरचं युद्ध बघा ना, आपली पोरं सुती कपड्यावर अन जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन नेफाच्या (आजच्या अरुणाचलच्या) बर्फात उभी होती, तेव्हा लढाई चालू असतानाच आवाज उठला, नुसत्या विरोधकांनी नाही तर काँग्रेसच्याच खासदारांनी लावून धरलं म्हणून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं अन त्यांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. आवाज उठवणाऱ्या त्या खासदारांना काय देशद्रोही म्हणणार का?

अन हे जुनं झालं म्हणाल तर २०२० ला संसदेत मांडलेला कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेचा, अहवाल वाचा. सियाचीनसारख्या ठिकाणी नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ जवानांना बर्फातले बूट मिळाले नव्हते, जुनेच दुरुस्त करून वापरले.

माझा मामेभाऊ कंधार तालुक्यातला, फौजेत आहे, दोन हिवाळे तिकडं वर बर्फात काढून आला. सुट्टीत आला तेव्हा ओट्यावर बसून मामी त्याच्या पायाला कोमट तेल चोळायली होती, दोन बोटांची नखं काळी पडलेली, तिथं हात लागला तरी त्याला कळत नव्हतं. तो काहीच बोलत नाही, त्याला बोलायची परवानगीच नाही. मग बूट कुठं अडकले हे त्याच्या वतीनं आपण नाही तर कोण विचारणार, सरकार कोणत्याही पक्षाचं असू द्या.