मदत हवी आहे: जवारीसह तंबोरा घडवण्यासाठी प्युअर डेटा, मॅक्स, रिअ‍ॅक्टर की आणखी काही?

नमस्कार.

ध्वनिमुद्रित नमुने पुन्हापुन्हा वाजवणारी तंबोऱ्याची ॲप्स आज भरपूर मिळतात. मला मात्र तारेचे कंपन प्रत्यक्ष गणिताने निर्माण करणारे आणि जवारीचे सूत (झंकार यावा म्हणून घोडीवर तारेखाली ठेवतात तो धागा) वाजतावाजता मागेपुढे सरकवता येईल, असे वाद्य स्वतः घडवायचे आहे. त्यासाठी कोणते मॉड्युलर वातावरण (ठोकळे जोडून ध्वनी घडवण्याचे सॉफ्टवेअर) निवडावे, याबद्दल या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

सध्या मी प्युअर डेटा वापरतो. मिलर पकेट यांनी आधी पॅरिसच्या इर्काम संस्थेत मॅक्सचा पाया घातला आणि १९९६ मध्ये प्युअर डेटा लिहिले, त्यामुळे दोन्हींतील पॅच (ठोकळ्यांच्या जोडणीचे आराखडे) दिसायला सारखेच असतात. प्युअर डेटा मोफत आणि मुक्तस्रोत आहे, लिनक्सवरही चालते, आणि तयार झालेले वाद्य गाणे शिकणाऱ्या कोणालाही विनाखर्च देता येते. ही शेवटची बाब माझ्यासाठी फार मोलाची आहे.

साधी तार त्यात उत्तम जमली. कार्प्लस-स्ट्राँग पद्धतीने प्रत्येक तारेसाठी एक डिले लाइन (ध्वनी ठरावीक काळ रोखून मग सोडणारा ठोकळा) घ्यायची, तिचे आउटपुट उंच कंपने कमी करणाऱ्या सौम्य लो-पास फिल्टरमधून पुन्हा तिच्यातच सोडायचे, आणि सुरुवातीला एक छोटा आघात द्यायचा. काळी एक पट्टीत जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झला आणि खर्ज ६९.३ हर्ट्झला येतो; म्हणजे ४८,००० सॅम्पलिंग दराला (सेकंदाला ध्वनीची ४८,००० मापे, म्हणजेच सॅम्पल) जोडीची डिले सुमारे ३४६.३ सॅम्पलची आणि खर्जाची ६९२.६ सॅम्पलची होते. येथे अपूर्णांक सोडून चालत नाही. ३४६ आणि ६९३ असे पूर्णांक घेतले, तर खर्जाचा दुसरा उपस्वर (त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा) आणि जोड यांत ०.२ हर्ट्झचा फरक पडून दर पाच सेकंदांनी एक डोल ऐकू येतो, आणि लागलेल्या तंबोऱ्यात तो कानाला खटकतो. चार बिंदूंचे इंटरपोलेशन करणारा, म्हणजे दोन सॅम्पलांमधले मूल्य काढणारा, डिलेरीड४ हा ऑब्जेक्ट वापरल्यावर आणि फिल्टरमुळे होणारा अर्ध्या सॅम्पलचा विलंब वजा केल्यावर हा प्रश्न सुटला.

खरी अडचण जवारीची आहे. तारेच्या मध्यबिंदूवर छेडले तर ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू तेथे असतो, ते म्हणजे सगळे सम उपस्वर, नियमानुसार उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील लेखात नेमके याच वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले होते. म्हणून माझ्या वाद्याची कसोटीही मी हीच ठरवली आहे : मध्यावर छेडल्यावर सम उपस्वर क्षणभराने उगवले पाहिजेत. साध्या कार्प्लस-स्ट्राँगमध्ये ते शेवटपर्यंत उगवत नाहीत, कारण घोडीच्या वक्र माथ्याशी होणारी तारेची घासटच त्यात नसते.

ही घासट मांडण्यासाठी सूत आणि घोडीचा माथा यांमधील तारेचा तुकडा वेगळा धरावा लागतो. सुमारे मीटरभर तारेत तो अवघ्या काही मिलीमीटरचा असतो, आणि खर्जाची पूर्ण फेरी ६९३ सॅम्पलची असल्यास या तुकड्यातील फेरी जेमतेम तीन-चार सॅम्पलची भरते. प्युअर डेटा मात्र ध्वनीचे गणित ६४ सॅम्पलच्या गठ्ठ्यांत करते, त्यामुळे त्याहून छोटी फीडबॅकची (आउटपुट पुन्हा आत सोडण्याची) फेरी सरळ मार्गाने शक्य होत नाही. सबपॅचमध्ये ब्लॉकचा आकार १ ठेवता येतो किंवा एकेका सॅम्पलचे गणित करणारे एफएक्सप्रेशन वापरता येते. पण दोन्ही मार्गांनी प्रोसेसरवरील भार बराच वाढतो.

म्हणून इतर पर्याय पाहिले. मॅक्समधील जेन आणि रिअ‍ॅक्टरमधील कोअर या दोन्हींत एका सॅम्पलचा फीडबॅक सहज देता येतो. मात्र मॅक्स लिनक्सवर चालत नाही, आणि रिअ‍ॅक्टरमध्ये घडवलेले वाद्य उघडण्यासाठी समोरच्याकडेही रिअ‍ॅक्टर असावे लागते. व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथेसायझरचे सॉफ्टवेअर हाताळायला आनंददायी आहे, आणि एकाच केबलमधून सोळापर्यंत चॅनल जात असल्याने चारही तारा एकत्र नेता येतात. पण त्यात प्रत्येक केबल एका सॅम्पलचा विलंब करते, म्हणजे तीन-चार मॉड्यूलांतून फिरताफिरता माझी सगळी फेरी तेथेच संपते. सुपरकोलायडर या ध्वनिनिर्मितीच्या भाषेचा मी विचार केलेला नाही, कारण तेथेही गठ्ठ्यांचाच प्रश्न उभा राहतो.

उरतो फाउस्टचा मार्ग. फ्रान्समधील ग्राम या संस्थेत घडलेली ही भाषा मजकुरातून लिहावी लागते, पण तिच्यातील फीडबॅक मुळातच एका सॅम्पलचा असतो, आणि फाउस्टजेन ऑब्जेक्टमुळे ती प्युअर डेटाच्या पॅचमध्ये बसवता येते. घोडी आणि सूत फाउस्टमध्ये, तर तारा छेडण्याचा क्रम, पट्टी आणि बटणे प्युअर डेटामध्ये, अशी विभागणी मला सर्वांत योग्य वाटते.

जाणकारांना माझी विनंती अशी आहे. असा संयुक्त पॅच प्लगडेटामध्ये (प्युअर डेटावर आधारलेल्या प्लगइनमध्ये) प्लगइन म्हणून नीट चालतो का, की संपूर्ण वाद्यच फाउस्टमधून प्लगइन म्हणून काढणे सोयीचे पडते? सूत सरकवताना डिलेची लांबी बदलते, तेव्हा चटचट आवाज येऊ नये म्हणून आपण कोणते इंटरपोलेशन वापरता? आणि ज्यांनी सतार किंवा रुद्रवीणेची जवारी अशा पद्धतीने मांडली आहे, त्यांनी घोडीचा वक्र कोणत्या सूत्राने घेतला? पॅच दाखवणे शक्य असल्यास फारच उपकार होतील. माझा साध्या तारेचा पॅच ज्यांना हवा असेल त्यांना मी आनंदाने देईन.