मौलिक, स्वतंत्र की अस्सल? हौशी वेबकॉमिकच्या निमित्ताने

बोरू :
नव्याने वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर प्रसिद्ध होणारी चित्रकथा, काढू लागलेल्यांसाठी असलेल्या एका नियमावलीचा मी अनुवाद करत आहे. चित्रकथा स्वतः रचलेली असावी, दुसऱ्याची नक्कल नसावी, अशा आशयाचे एक वाक्य त्यात आहे. मी ‘मौलिक चित्रकथाच पाठवाव्यात’ असे लिहिले. त्यावर एका सहकाऱ्याने विचारले, की आपली चित्रकथा मोलाची आहे की नाही, हे पहिल्यांदाच चित्र काढणाऱ्याने कसे ठरवावे? मला उत्तर देता आले नाही, कारण ‘मौलिक सूचना’, ‘मौलिक मार्गदर्शन’ असे म्हणताना माझ्याही मनात मोलाचा हाच अर्थ असतो. दुसरी अडचण ‘नक्कल’ या शब्दाची आहे. पात्रांचे डोळे एखाद्या आवडत्या चित्रकाराच्या पद्धतीने काढणे, त्याची चौकट खाली ठेवून तिच्यावरून रेघ ओढणे आणि त्याचा विनोद जसाच्या तसा उचलणे, या तीन निराळ्या गोष्टी आहेत, पण आपण तिन्हींना नक्कलच म्हणतो. यांसाठी वेगळे शब्द आहेत का?

शिरोरेखा :
‘मौलिक’ बदलू नये. मूल या शब्दावरून तो सिद्ध झाला आहे आणि मुळातला, दुसऱ्यावरून न घेतलेला, हाच त्याचा सरळ अर्थ आहे. हिंदीत तो आजही याच अर्थाने चालतो. ‘मूल्य’ हा शब्दसुद्धा पाणिनीने आपल्या व्याकरणाच्या चौथ्या अध्यायात (4.4.91) मूल या शब्दावरूनच साधला आहे, म्हणजे मोल आणि मूळ यांचे नाते जुने आहे. मराठीत एक अर्थ मागे पडला असेल, तर तो पुन्हा वापरात आणणे हे लिहिणाऱ्यांचेच काम आहे.

टाक :
व्युत्पत्ती मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. वाचणाऱ्याला जो अर्थ कळतो, तोच त्या वाक्याचा अर्थ. मराठी नियतकालिकांनी या कामासाठी ‘स्वतंत्र’ हा शब्द केव्हाच रूढ केला आहे : कथा अनुवादित, रूपांतरित, आधारित किंवा स्वतंत्र असते. स्वतंत्र कथा शिळी असू शकते, सामान्यही असू शकते. ती अमुक एका कृतीवर बेतलेली नाही, एवढेच तो शब्द सांगतो. नवशिक्याकडून यापेक्षा अधिक मागू नये, असे मला मनापासून वाटते.

अनुस्वार :
या चर्चेत ‘अस्सल’ यायला हवा होता. अरबी ‘अस्ल’ म्हणजेही मूळच, त्यामुळे मौलिक आणि अस्सल हे दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आलेले शब्द आहेत. मात्र अस्सलच्या विरुद्ध बनावट उभे राहते. ‘अस्सल वेबकॉमिक’ म्हटले, की खरेखुरे वेबकॉमिक असा भलताच अर्थ निघेल. ‘नक्कल’ हाही अरबीतून आलेला शब्द असून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा त्याचा एक मूळ अर्थ आहे. दस्तऐवजाची नक्कल काढण्यात कुठे चोरी असते? आणि नकला करणाऱ्याचे तर आपण कौतुकच करतो. लहानपणी मी एका चित्रमालिकेतले पात्र वह्यांच्या वह्या भरून काढत असे. घरातले त्याला कित्ता म्हणत, नक्कल म्हणत नसत.

चौकट :
मी स्वतः वेबकॉमिक काढते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पहिली दोन वर्षे माझी सगळी पात्रे दुसऱ्याच एका चित्रकाराच्या वळणाची होती. ‘ही नक्कल आहे’ असे एका वाचकाने लिहिले, तेव्हा मी कित्येक आठवडे पेन हातात धरले नाही. कथा माझी होती, संवाद माझे होते, चौकटींची विभागणी मी रात्र-रात्र बसून केली होती. उसना होता तो फक्त हात. अक्षराला वळण असते तसे चित्रालाही असते, आणि ते आधी कुणाचे तरी घ्यावेच लागते.

शिवाय या माध्यमात रेषेची मालकी आणि कथेची मालकी बरेचदा वेगवेगळी असते. ‘एट-बिट थिएटर’ हे वेबकॉमिक 2001 ते 2010 या काळात व्हिडिओ गेममधल्या आयत्या आकृत्या वापरून चालले, पण त्यातले संभाषण आणि विनोद लेखकाचे स्वतःचे होते. रायन नॉर्थ यांच्या 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘डायनोसॉर कॉमिक्स’मध्ये तर त्याच सहा चौकटी आणि तीच चित्रे पुन्हा पुन्हा येतात, नवे असतात ते केवळ शब्द. यांना स्वतंत्र म्हणणार की नाही?

शिरोरेखा :
बोरू यांनी मागितलेला भेद आपल्याकडे नवव्या शतकातच झालेला आहे. आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाच्या चौथ्या उद्द्योतात (प्रकरणात) एका काव्याच्या दुसऱ्याशी असलेल्या साम्याला ‘संवाद’ म्हटले आहे आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रतिबिंबासारखे, चित्रात उतरवल्यासारखे आणि दोन माणसांच्या चेहऱ्यांत असावे तसे, म्हणजे ‘तुल्यदेहिवत्’. पहिले दोन त्याज्य आहेत. तिसरे कवीने टाळू नये, कारण तिथे देह सारखा दिसला तरी जीव स्वतःचा असतो. चौकट यांच्या पहिल्या दोन वर्षांचे काम या तिसऱ्या प्रकारातले आहे, आणि त्याला नक्कल म्हणणे हा अन्याय आहे.

टाक :
विवेचन सुंदर आहे, पण ‘तुल्यदेहिवत् साम्य चालेल’ असे नियमावलीत लिहिता येणार नाही. त्यापेक्षा वळण घेणे, गिरवणे आणि उचलणे ही तीन साधी क्रियापदे घ्यावीत. ती सर्वांना समजतील.

चौकट :
‘वळण घेणे’ आणि ‘उचलणे’ चालतील, ‘गिरवणे’ मात्र नको. गिरवताना त्याच अक्षरावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचा असतो आणि हेतू शिकण्याचा असतो. इथे पडद्यावर दुसऱ्याचे चित्र खालच्या थरात ठेवतात, त्याच्या वरच्या थरात एकदाच रेघ ओढतात आणि खालचा थर काढून टाकतात. आम्ही सगळे त्याला ट्रेस करणे म्हणतो.

शिरोरेखा :
त्यासाठी ‘उतरवून घेणे’ हा चांगला मराठी प्रयोग असताना ट्रेस कशाला?

चौकट :
कारण उतरवून घेणे नुसते समोर पाहूनही होते आणि त्यात नजर कामाला लागते. ट्रेस करताना खालची रेघ दिसतच असते, त्यामुळे नजरेला काही ठरवावे लागत नाही. वाद होतो तो नेमका याच फरकावरून, आणि तुमच्या शब्दात तोच पुसला जातो.