कादंबरीसाठी मदत हवी : आखाजीला (अक्षय तृतीयेला) साथ फुटली तर भुसावळ-रावेर पट्ट्यात कोण आणि कसं जगेल?

वाघूरकाठ
मंडळी, भयकादंबरी लिहायला घेतली आहे. झोंबी वगैरे नाहीत. रोग आणि उरलेली माणसं, एवढंच. आराखडा असा : श्वासातून पसरणारा विषाणू, शंभरातले ९९ मरतात. दोन वर्षांनी नायक पंपावर पेट्रोल भरून मोटारसायकलने दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राकडे निघतो, तिथले दिवे अजून चालू दिसतात. त्याची दहा जणांची टोळी केळीच्या बागांवर जगते. एका विहिरीत प्रेतं टाकलेली आहेत, ती साफ करून तेच पाणी पितात. शेवटी सगळे सातपुड्यातल्या तोरणमाळला जाऊन निवांत राहतात.
कुठे कुठे फसलंय ते सांगा. कौतुक नको, चुका हव्यात.

उलटमोजणी
९९ टक्के हा आकडा वाटतो तेवढा भयानक नाही. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्हा ४२ लाखांचा होता. ९९ टक्के गेले तरी ४२ हजार उरतात. एखादं तालुक्याचं गाव भरून वाहील, ओसाड कसलं? मैलोन्‌मैल माणूस दिसू नये असं हवं असेल तर हजारात एक जगवा, म्हणजे जिल्हाभर मिळून चार हजार. त्यातही पहिल्या सहा महिन्यांत रोगाशिवायची मरणं धरा. इन्सुलिनवाले, डायलिसिसवाले, अडलेली बाळंतीण, सर्पदंश. हे कुणी लिहीतच नाही.

दुसरं, विषाणूचा स्वभाव ठरवा. माणूस दोन दिवसांत आडवा करणारा रोग फार लांब जात नाही. निपाहमध्ये शंभरातले ४० ते ७५ दगावतात, पण माणसाकडून माणसाकडे जायला त्याला अगदी जवळचा संपर्क लागतो, म्हणून तो गावं गिळत सुटत नाही. देवीने शंभरातले तीसच मारले, पण शतकानुशतकं मारले. तुमच्या विषाणूला लक्षणांआधी तीन-चार दिवस पसरू द्या. लागण ते लक्षणं जास्तीत जास्त १४ दिवस ठेवा. दर चार दिवसांनी आकडा दुप्पट धरला तर शंभर रुग्णांचे साठ दिवसांत कागदावर ३२ लाख होतात. प्रत्यक्षात वेग मध्येच मंदावतो, कारण लागण व्हायला माणसंच उरत नाहीत.

शीर्षकात तुम्ही आखाजी म्हटलंय आणि आराखड्यात ती कुठेच नाही! तीच तर तुमची खरी ठिणगी. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गल्लीभर गाणी, आणि चार-आठ दिवसांनी प्रत्येक लेक आपल्या सासरच्या गावी परत. एकीलाही ताप नाही. रोगाला याहून चांगली टपालव्यवस्था मिळणार नाही. बाहेरून तो आणायला सुरत-भुसावळ लोहमार्ग आहेच. १९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं होतं. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही सगळी त्याच रुळावरची स्टेशनं.

फ्यूज_उडाला
दीपनगरचे दिवे काढून टाका. कोळशाच्या वाघिणी थांबल्या की साठा संपेपर्यंतच खेळ, आणि त्याच्याही आधी ग्रिड कोसळेल, कारण मागणी आणि पुरवठा ५० हर्ट्झवर तोलून धरणारी माणसंच कामावर नसतील. एकदा बंद पडलेलं औष्णिक केंद्र पुन्हा चालू करायलाही बाहेरून वीज लागते. साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर भिस्त ठेवू नका, त्यांनाही ग्रिड लागतं. घरांच्या गच्चीवरच्या सोलरचंही तेच. नेट मीटरवाला इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो, म्हणजे खांबावर काम करणारा वायरमन मरू नये. ऊन रखरखतंय, प्लेटा चकाकताहेत आणि घरात अंधार, असं लिहा.

चालेल काय? शेतातला सोलर पंप. पाच हॉर्सपॉवरला साधारण ४,८०० वॉटच्या प्लेटा, बॅटरी नाही, ऊन आहे तोवर पाणी. प्लेटांवरची धूळ पुसली नाही की धार बारीक होते. कंट्रोलर जळला की संपलं, तो गावठी उपायाने जुळत नाही, दुसऱ्या शेतातला काढून आणावा लागतो. टोळ्यांची भांडणं याच डब्यावरून लावा.

आणि दिवे हवेच असतील तर ग्रामपंचायतीचे सोलर खांब आहेत. अंधार पडला की आपोआप लागतात, उजाडलं की विझतात. बॅटरी तीन-चार वर्षं दम धरते. मेलेल्या गावात रोज संध्याकाळी चौकातला दिवा लागतो, आणि दर वर्षी थोडा लवकर विझतो.

पेट्रोल दोन वर्षं टिकत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, हलका भाग उडून जातो, कार्बोरेटरमध्ये चिकट डिंक बसतो. सहा महिन्यांनंतर गाडी कुरकुरणार. डिझेल जास्त टिकतं, पण टाकीच्या तळाशी पाणी साचून काळी बुरशी धरते आणि फिल्टर तुंबतो. हँडल मारून चालू होणारं जुनं संथ डिझेल इंजिन शोधा. ते सरकीच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलावरही चालतं, मात्र चालू आणि बंद करताना थोडा वेळ डिझेलवर ठेवावं लागतं, नाहीतर नोझलवर काजळी घट्ट बसते.

तळाचा_झरा
विहिरीचं. रोजच्या शुद्धीकरणाचं माप आधी सांगतो. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, तीही ताजी, ३३ टक्के क्लोरीनची. विहीर सहा मीटर रुंद, पाणी पाच मीटर असेल तर पाणी सुमारे १,४१,००० लिटर, पावडर ३५० ग्रॅम. सगळी थेट ओतायची नाही. एका बादलीत जास्तीत जास्त शंभर ग्रॅम, आधी दाट कालवून मग पाणी वाढवायचं, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळच दुसऱ्या बादलीत घ्यायचं. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हेलकावे द्यायचे. एक तास कुणी पाणी भरायचं नाही. गाळ विहिरीत ओतला तर पाणी जड होतं.

फसतं कुठे? पावडर जुनी असते. खानदेशातल्या ४५ अंशांत उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो, पावडर पांढरीशुभ्र दिसते आणि वासच येत नाही. पावसाळ्यातलं गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, तेव्हा आधी तुरटीने निवळायला हवं. पावडर संपल्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या भरून सहा तास कडक उन्हात आडव्या ठेवायच्या, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस.

प्रेतांची विहीर ही वेगळी गोष्ट आहे. सगळं उपसा, गाळ काढा, भिंती घासा, पाणी परत भरू द्या आणि मग लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. त्याच विहिरीला २१ किलो पावडर. एक दिवस ठेवून पुन्हा उपसा. दीडशे लिटरची मोट धरली तर एका उपशाला नऊशेहून जास्त खेपा. दहा माणसांची टोळी हे करणार नाही, ती दुसरी विहीर शोधेल. तुमच्या नायकाला तीच साफ करायची असेल तर त्याला तसं सबळ कारण द्या.

आत उतरायचा प्रसंग मात्र ठेवाच, पण नीट लिहा. लोक कंदील सोडून बघतात. ज्योत विझली तर हवा जड आहे, प्राणवायू नाही. इथवर बरोबर. पण कुजलेल्या विहिरीतल्या वायूने ज्योत विझेलच असं नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि वायू दाट असेल तर थोड्याच वेळात नाक तो वास घेणंच सोडून देतं. उतरणाऱ्याला वाटतं, वास गेला, हवा सुधारली. तिथेच तो खाली बसतो. वरचा दुसरा घाईने उतरतो, तोही बसतो. कमरेला दोर, वर दोघं, आणि उतरण्याआधी पालेदार फांद्यांचा भारा दोराने बराच वेळ वरखाली करून हवा ढवळलेली. यातलं एक विसरलं की तुमचं प्रकरण तयार.

वाघूरकाठ
वा, कामाचं मिळतंय. म्हणजे आखाजी, एप्रिलअखेर किंवा मे. मग केळी आणि तोरणमाळ? तेही पाडा.

दादर_कळणा
केळी पाडायची गरज नाही, ती आपणच पडतील. मे महिन्यात एका झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. एकरी साधारण सतराशे झाडं, म्हणजे ३४ हजार लिटर, रोज. वीज गेली की ठिबक बंद. आधी पानं कडेने करपतात, मग खोड मधून मोडतं. जूनपर्यंत रावेर-यावलचा हिरवा पट्टा तपकिरी. आणि केळं साठत नाही. कच्च्याचे काप वाळवून पीठ करता येईल, पण ते दोन-तीन आठवड्यांचं काम, वर्षाचं नाही.

खरं अन्न दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. तापीकाठच्या काळ्या जमिनीत सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर पिकवायची, पंप लागत नाही. शिवाय बियाणं घरचं चालतं. कपाशीच्या संकरित बियाण्याची सरकी पुन्हा लावली तर झाडं सारखी येत नाहीत, दादरचं तसं नाही. आखाजीला साथ फुटली तर फेब्रुवारी-मार्चची दादर कोठ्यांत भरलेलीच असेल, हा तुमच्या टोळीचा नशिबाचा भाग. दहा माणसं, माणशी अर्धा किलो, वर्षाला १८ क्विंटल. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरा, एकरी चार किलो बियाणं. म्हणजे पाच एकर, एक बैलजोडी, आणि कणसं दुधात आली की माळ्यावर गोफण घेऊन बसलेला माणूस. पाखरांना साथ झालेली नाही, हे ध्यानात ठेवा. सोबत उडीद हवाच, नुसत्या ज्वारीवर अंगात ताकद राहत नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी ही चैन नव्हे, तो हिशोब आहे.

दाणा साठवताना उन्हात कडक वाळवा. दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ओला भरला तर सोंडे पडतात आणि आषाढात पोत्याला हात लावला की गरम लागतं. कडुनिंबाचा पाला आणि राख मिसळा. सरकारी गोदाम फोडायला जाणार असाल तर ताडपत्रीखाली झाकलेल्या थप्प्यांपासून दूर. धुरीच्या गोळ्यांचा वायू आत कोंडलेला असू शकतो.

तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, तलाव आहे, सगळं खरं. पण ते रिकामं नाही. पावरा आणि भिल्ल लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि साथीच्या काळात खालून येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी रोग. शहाद्याकडून चढणारा घाट ते पहिल्याच आठवड्यात अडवतील, आणि बरोबरच करतील. सातपुडा हे शहरी माणसाचं विश्रामगृह अशा थाटात लिहू नका, फार झालंय ते.

फार तर पांझरेकाठी साक्रीकडे न्या. तिथली जुनी फड पद्धत बंधारा आणि पाट यांच्या उतारावर चालते, विजेवर नाही. पण पाटातला गाळ दर वर्षी उपसावा लागतो आणि पाणी वाटायला पाटकरी लागतो. तिथे कमी पडतात ती माणसं, पाणी नव्हे.

तळाचा_झरा
मे म्हटल्यावर एक मोठी गोष्ट सुटतेय : भुसावळजवळचं तापीवरचं हतनूर धरण. ४१ दरवाजे. उन्हाळ्यात ते बंद असतात, उरलंसुरलं पाणी अडवून. जुलैत पूर्णा आणि तापीचं पाणी विदर्भातून, मध्य प्रदेशातून येतं, तेव्हा ते एरवी उघडले जातात. उघडायला कुणी नसेल तर पाणी आधी दरवाज्यांवरून ओसंडेल, आणि मातीच्या भरावावरून गेलं तर भराव कापत सुटेल. भुसावळात आभाळ कोरडं असतानाही नदी चढते, हे वाचकाला घाबरवायला पुरेसं आहे.

म्हणून टोळीपुढे जूनमध्ये पेच टाका. दरवाजे आधीच उचलून ठेवावेत? मोटरीला वीज नाही, हँडलने एकेक इंच. उचलले आणि पाऊस लांबला तर प्यायचं पाणी वाहून गेलं. नाही उचलले आणि वर ढग फुटला तर खालची गावं गेली. किती दरवाजे उचलायचे यावर दोन प्रकरणं सहज निघतील.

उलटमोजणी
नवा माणूस टोळीत घेण्याचा नियमही लिहून टाकतो. लागण ते लक्षणं १४ दिवस, तर त्याला १४ दिवस मळ्यातल्या खोलीत वेगळा. प्लेगच्या वर्षांत लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे, तसंच. जेवण दगडावर ठेवून मागे यायचं, त्याची घागर वेगळी. मध्येच दुसरा कुणी त्या खोलीत गेला की दोघांची मोजणी पुन्हा एकपासून. गोंधळ नेमका इथे होतो : बाराव्या दिवशी कुणाचा तरी भाऊ येऊन पोहोचतो. आणि मे महिन्यात अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालून तासाच्या वर काम करवू नका, माणूस रोगाआधी उष्माघाताने जाईल. घामाने भिजलेला मास्क श्वास रोखतो आणि गाळतही नाही.

झोका_आखाजीना
एकच सांगते. सगळी पात्रं पुणेरी बोलतात असं करू नका. रावेर-यावलात लेवा गणबोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, डोंगरात पावरी. बोलीवरून माणूस कुठून आला ते अंधारातही कळतं, आणि साथीत तेवढंच कळायला हवं असतं. रात्री कुंपणापलीकडून हाक आली तर अहिराणी बोलणारा पहारेकरी «कोण आहे तिकडे?» म्हणणार नाही. तो म्हणेल, «कोन शे तठे?» आणि दिवा वर न धरता उत्तराची वाट बघेल.