विषय: थंडीत पळणं सुटत चाललंय, कुणी बरोबर येतंय का?

रविवारी रात्री, शिकागोजवळच्या नेपरविलहून

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये शिकागो मॅरेथॉन पळाले त्यातली मी एक. चायनाटाऊनपाशी तुम्ही मंडळाचे सगळे लेझीम घेऊन उभे होतात ते अजून डोळ्यासमोर आहे, तिथे पाय जड झाले होते आणि तुमचा आवाज आला म्हणून पुढे गेले. त्यानंतर दोन-तीन आठवडे आराम करायचाच होता, तो केला. मग दिवाळी, फराळ, मग घड्याळं तासभर मागे गेली आणि ऑफिसातून निघेपर्यंत बाहेर मिट्ट काळोख, मग थँक्सगिव्हिंगला नणंदेकडे डेट्रॉइटला चार दिवस, आणि आता बघते तर महिन्याभरात मिळून चार वेळा पळालेय.

बूट गराजच्या दारापाशीच आहेत. रोज रात्री पाच पंचवीसचा अलार्म लावते आणि वाजला की बंद करते. नवरा महिन्यातले दोन आठवडे कामासाठी बाहेरगावी, मुलगी आठ वर्षांची, तिला घरात एकटं ठेवून निघता येत नाही. तो घरी असतो तेव्हा अंधारात एकटीने नदीकाठच्या रिव्हरवॉकला जायला मन धजत नाही. बाकी घरातलं, ऑफिसातलं, मंडळाच्या हिशेबाचं सगळं होतंय, हेच तेवढं सुटतंय. आणि हे सुटलं की माझी झोप बिघडते, चिडचिड होते. परवा मुलगी म्हणाली, आई तू पळून आलीस ना की छान असतेस. तेव्हापासून जिवाला लागून राहिलंय.

पुढे ख्रिसमसच्या पार्ट्या, पॉटलक, न्यू इयर, म्हणजे जानेवारी उजाडेपर्यंत काही खरं नाही असं दिसतंय. ज्यांचं हिवाळ्यात पळणं चालू राहतं त्यांनी कृपया सांगा, नक्की काय करता?

सोमवारी दुपारी, शॉमबर्गहून

ताई, मी गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंग ते न्यू इयर रोज निदान एक मैल असं धरलं होतं, इथले बरेच रनर करतात तसं. एक मैल म्हणजे दहा-बारा मिनिटं, त्यामुळे पार्टीहून रात्री अकराला आलो तरी बेसमेंटमध्ये जाऊन ट्रेडमिलवर उरकायचो. सव्वीस दिवस चाललं. मग दोन दिवस ताप आला, साखळी तुटली, आणि साखळीच तुटली तर आता कशाला म्हणून पुढे जानेवारीभर मी पळालोच नाही. म्हणून यंदा रोजचं नाही, आठवड्यात चार. एखादा दिवस चुकला तरी आठवडा हातात असतो.

आणि ट्रेडमिलला कमी लेखू नका अशी सगळ्यांनाच विनंती. आमच्याकडे दीड वर्षाचं बाळ आहे, पहाटे ग्रुपबरोबर जाणं मला जमणारच नाही, पण ते झोपलं की खाली अर्धा तास मिळतो. १ टक्का चढ लावतो, कानात एखादी बैठकीची लावणी नाहीतर कीर्तन, आणि डोळे घड्याळावर न ठेवता भिंतीवर ठेवतो.

सोमवारी रात्री, ऑरोराहून

अगं, तुझी मेल वाचली आणि काकूलाही वाचून दाखवली. जरा मोठं लिहितोय, वेळ मिळेल तेव्हा वाच.

मी १९९८ ला इथे आलो आणि पहिली आठ-नऊ वर्षं माझंही हेच. नोव्हेंबर ते मार्च बंद, दर एप्रिलला पहिल्यापासून सुरुवात, आणि चार महिन्यांनी एकदम जोर लावला की गुडघा दुखायला लागायचा, की परत बंद. २००७ ला शुगर निघाली. वर्षभर हालचाल ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं, मी मनाशी पक्कं ठरवलं, कागदावर लिहून फ्रिजवर लावलं, आणि तरी त्या डिसेंबरात तीनदाच गेलो.

जानेवारीत काय झालं ते सांगतो. समोरच्या घरात एक पोलिश आजोबा राहायचे, सत्तरीचे, पहाटे कुत्रा घेऊन फिरायचे. एकदा ड्राइव्हवे साफ करताना म्हणाले, तू पळतोस ना, मग उद्या सहाला मी कोपऱ्यावरच्या दिव्याखाली उभा राहतो. मी हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी पडदा बाजूला करून बघतो तर माणूस खरंच उभा. टोपीवर बर्फ साचतोय, आणि जमीन इतकी गार की कुत्रा एकेक पाय आलटून पालटून उचलतोय. आता कुणी असं उभं आहे हे बघितल्यावर परत पांघरुणात शिरता येतं का? गेलो. ते चालायचे, मी पुढे दिव्यापर्यंत पळत जायचो आणि परत त्यांच्यापर्यंत यायचो, असं करत तीन मैल व्हायचे. पाच हिवाळे चाललं हे. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलीने मला त्यांची ती लोकरीची टोपी दिली, अजून तीच घालतो.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की थंडीत मनाला विचारत बसायचंच नाही. पहाटे साडेपाचला मन हो म्हणत नाही, कुणाचंच म्हणत नाही, तू त्यात स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. कोपऱ्यावर कुणीतरी उभं पाहिजे, बस.

दुसरं, धुंधुरमास. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी होता माहीत नाही, काही ठिकाणी झुंझुरमासही म्हणतात. सूर्य धनू राशीत असतो तो महिना, साधारण १६ डिसेंबरपासून भोगीपर्यंत. वाईला आजोळी आजी त्यातला एक दिवस धरायची. पहाटे चारला चूल पेटायची, आम्हा पोरांना कडाक्याच्या थंडीत न्हाणीघरात नेऊन अंघोळी घालायच्या, आणि बाहेर झुंजूमुंजू होतंय तोवर नैवेद्य तयार. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. ओसरीवर पहिली उन्हं आली की जेवायला बसायचं. इतक्या सकाळी जेवण, आणि भूक अशी लागलेली असायची की विचारू नका.

आता बघ, इथला हॉलिडे सीझन आणि आपला धुंधुरमास बरोबर एकाच वेळी येतात. त्या दिवसांत शिकागोला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमाराला. म्हणजे सहाला निघालो, तास-सव्वा तास हळूहळू पळालो, की घरी येईपर्यंत उजाडतं आणि पान वाढलेलं. पहाटे उठून अंग गरम करायचं आणि सूर्याबरोबर जेवायचं, ही रीत आपल्याकडे होतीच की, नवीन काहीच करायचं नाहीये.

तर काकू आणि मी असं ठरवलंय. येत्या शनिवारपासून संक्रांतीपर्यंत दर शनिवारी पहाटे सहाला आमच्या ड्राइव्हवेत जमायचं. फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये, म्हणजे इथल्या राखीव जंगलात, अंधारात जायची परवानगी नसते, म्हणून आमच्या सबडिव्हिजनमधलाच दीड मैलाचा फेरा, दिवे आहेत, गाड्या नाहीत. कुणी एक फेरा करा, कुणी चार, चालणारे चाला, पण अंधारात एकटं कुणी राहणार नाही एवढं बघू. आणि मुलीला झोपेतच उचलून आण, बेसमेंटमध्ये गाद्या घातलेल्या असतील, काकू घरातच आहे. नवरा गावात असो नसो, शनिवार तुझा.

शॉमबर्गवाले, तुमचं ट्रेडमिल अगदी बरोबर आहे. बाळ मोठं झालं की या, तोवर एखाद्या शनिवारी नुसतं जेवायला या बाळाला घेऊन.

मंगळवारी सकाळी, नेपरविलहूनच, पण दुसरी

काकांच्या शनिवारला मीही येणार. मी इमर्जन्सीमध्ये नर्स आहे, हिवाळ्यात मनगट मोडलेले लोक रोज बघते म्हणून थोडं लिहिते.

बर्फ दिसतो त्याची भीती कमी, दिसत नाही त्याची जास्त. दिवसा वितळून रात्री परत गोठलेला पारदर्शक पातळ थर असतो तो. अशा दिवशी पावलं छोटी टाका, पेस, म्हणजे वेग, बघू नका, बुटांवर चढवायचे स्पाइक्स मिळतात ते घ्या. नाहीतर सरळ आत पळा.

कपडे घालताना थर्मामीटरपेक्षा १५-२० डिग्री (फॅरनहाइट) जास्त आहे असं धरून घाला. दारातून निघताना थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घाम येतो आणि तो घाम गार पडला की खरा त्रास. अंगाला लागून सुती काही नको, ते ओलं राहतं, बारीक लोकरीचं किंवा ड्रायफिट घाला, वरून वारा अडवणारं पातळ जॅकेट. बोटं गारठत असतील तर पाच बोटांच्या ग्लव्हजपेक्षा मिटन्स बरे, बोटं एकमेकांना ऊब देतात. गालांना, नाकाला व्हॅसलीन. जाताना वारा अंगावर घ्या आणि येताना पाठीवर, उलटं केलंत तर घामेजल्या अंगावर वारा घेत घरी यावं लागतं. फोन आतल्या खिशात, बाहेर ठेवला तर बॅटरी उतरते.

आणि कधी जायचं नाही ते. ० फॅरनहाइट आणि १५ मैलांचा वारा असेल तर विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, उणे १९ होतं, त्यात उघड्या कातडीला अर्ध्या तासात फ्रॉस्टबाइट होऊ शकतो, म्हणजे कातडी गोठते. २०१९ च्या ३० जानेवारीला ओहेअर विमानतळावर उणे २३ होतं, आठवत असेल. तसल्या दिवशी घरात बसणं हेच शहाणपण. दमा असणाऱ्यांनी तोंडावर बफ (गळ्यातली कापडी पट्टी) घ्या आणि इनहेलर बरोबर ठेवा.

मूळ मेल लिहिणाऱ्या ताई, तुम्ही नेपरविलला कुठे राहता? मी ९५ नंबरच्या रस्त्याजवळ. माझी नाइट नसते तेव्हा मंगळवार-गुरुवार मी येऊ शकते.

मंगळवारी रात्री, ओक ब्रूकहून

मंडळी, माझा प्रश्न थोडा वेगळा. मी २० डिसेंबरला पुण्याला जातोय आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ आहे. दर वर्षी तिकडे गेलं की लग्नं, केळवणं, मावशीकडे जेवण, आत्याकडे जेवण, आणि पळणं शून्य. यंदा काय करावं?

बुधवारी सकाळी, ऑरोराहून

अरे, तुला तर देवाने जेट लॅग दिलाय. पहिला आठवडा तीन-साडेतीनला डोळा उघडतोच, तेव्हा फोन बघत लोळू नकोस, उजाडलं की तळजाई नाहीतर हनुमान टेकडी गाठ. पुण्यात पहाटे टेकडीवर इतकी माणसं असतात की सोबत शोधावी लागत नाही. आणि साडेसातला घरी आलास की दिवसभर मावशी आणि आत्या, त्यांना नाही म्हणू नकोस, वर्षातून एकदा जातोस.

एकच सांगतो, इथल्या थंडीची पेस मुंबईत धरू नकोस. दमट हवेची शरीराला सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात, पुण्याच्या गारव्यात ती होत नाही, म्हणून जमलं तर शेवटचे काही दिवस मुंबईतच राहा आणि ऊन चढल्यावर थोडं पळ, पाणी घेऊन. वाटेत पेडर रोडचा चढ लागतो, तिथे मी २०१२ ला पहिल्या निम्म्यातल्या घाईची पुरेपूर किंमत मोजली होती.

शनिवारी दुपारी, नेपरविलहून

काका, काकू आणि सगळे,

आत्ता झोपून उठले आणि पहिलं हे लिहितेय. अलार्म वाजला तेव्हा हात नेहमीसारखा बंद करायला गेलाच होता, पण काकांच्या ड्राइव्हवेत आता दिवा लागला असेल हे डोळ्यासमोर आलं आणि उठले. लेकीला ब्लँकेटसकट गाडीत घातलं, ती उठलीसुद्धा नाही.

जे आले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, गाडीत १७ डिग्री फॅरनहाइट दाखवत होतं, वारा नव्हता, आम्ही आठजण, त्यातले तिघं चालणारे. कोरडा बर्फ पायाखाली करकर वाजत होता आणि त्याशिवाय कसलाही आवाज नाही. पहिला फेरा मला जड गेला, दम लागत होता, दुसऱ्यात अंग मोकळं झालं, तिसऱ्या फेऱ्यात नर्सताईंच्या पापण्यांवर दंव गोठून पांढरं झालं होतं आणि माझ्याही झाल्या होत्या म्हणे. साडेचार मैल. मॅरेथॉननंतरचं माझं सगळ्यात लांब पळणं.

आणि परत आलो तर काकूंच्या हातावर भाकरी थापली जात होती, ताजं दळलेलं पीठ, कारण दुकानातलं बाजरीचं पीठ जुनं असलं की कडू लागतं म्हणून त्यांनी बाजरी आणून घरघंटीवर काल रात्री दळली होती. भाकरी आचेवर फुगली की तिळाचा खरपूस वास बेसमेंटपर्यंत जातो, त्या वासाने लेक डोळे चोळत वर आली आणि माझ्या मांडीवर बसून लोणी लावून अख्खी भाकरी खाल्ली. खिडकीतून उन्हं आली तेव्हा सगळे जेवत होते. काकांनी त्यांच्या आजीची ओसरी लिहिली होती, मला तेच आठवत राहिलं.

शिवाय कळलं की नर्सताई आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात आणि चार वर्षांत आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो. नवरा घरी असेल त्या आठवड्यात मंगळवार आणि गुरुवार पाऊण तास, साडेपाचला, आमच्या पोस्टबॉक्सपाशी. तो नसेल तेव्हा शॉमबर्गवाल्यांसारखं ट्रेडमिल, आठवड्यात चार हा हिशेब मला पटलाय.

पुढचा शनिवार पार्टीच्या दुसऱ्या दिवशी येतोय, तरी मी येतेय. शेवटच्या शनिवारी काकू भोगीची भाजी करणार आहेत, न खाई भोगी तो सदा रोगी, तेव्हा त्या दिवशी जास्तीत जास्त लोकांनी या आणि आकडा काकूंना आधी कळवा. पुढच्या वेळी भरीत माझ्याकडे लागलं. काकू, इथली मोठी वांगी गॅसवर आतपर्यंत भाजली जातात का, की ओव्हनमध्ये टाकू, तेवढं सांगाल का?