कोड्यातला खेळाडू सुटेना, मदत करा

सकाळपासून डोकं खातंय. क्लू असा, ‘पाण्यात जन्मला, फेकण्यात पटाईत, तरी थापाड्या नाही. 3 अक्षरं.’ मी आपला पोहणारे शोधत बसलोय!

↳ अहो फोड करा ना, नीर म्हणजे पाणी आणि ज म्हणजे जन्मलेला, नीरज! भाला फेकतो की, टोकियोत 87.58 मीटर, गोल्ड. थाप मारण्यालाही ‘फेकणं’च म्हणतात, तिथेच गंडलात.

↳ आता हा घ्या, ‘खेड्यापुढे स, वर टॅक्स. टेस्टमध्ये 10 हजारी पहिला.’

↳ गाव+स+कर. सोप्पंय. माझा घ्या, ‘दुधावर डोळा असणारी, मग ए, शेवटी हात.’

↳ मांजरेकर! पण विजय की संजय, बाप की लेक? क्लू अर्धवट आहे राव.