अनुभव धागा : रॉकच्या हॉल ऑफ फेममधे कोण हवं? तुमचा माणूस, तुमचा अनुभव

नमस्कार मंडळी. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, म्हणजे रॉकमधल्या मोठ्या कलाकारांना मान देणारी अमेरिकेतली संस्था, संग्रहालय क्लीव्हलँडला. तिची नावं जाहीर झाली की दरवर्षी आपल्यात वाद पेटतो, ह्याला का घेतलं, त्याला का वगळलं. म्हणून हा धागा काढतेय. एकच विनंती, नुसत्या याद्या नकोत. ज्याच्यासाठी भांडताय त्याचं संगीत तुमच्यापर्यंत कुठे, कसं पोचलं ते लिहा. नवीन लोकांसाठी नियम : पहिलं रेकॉर्डिंग बाजारात येऊन २५ वर्षं झाली की कलाकार पात्र, मग एक समिती नावं काढते आणि हजारावर लोक मतं देतात. चाहत्यांचंही मतदान असतं, पण ते सगळं मिळून एकच मतपत्रिका धरतात.

सुरुवात मी करते. मी पेटी शिकत होते तेव्हा मामेभावाने डीप पर्पल ह्या ब्रिटिश रॉक बँडची कॅसेट आणली, त्यात हायवे स्टार हे गाणं होतं. मधे एक सोलो येतो, मला वाटलं गिटारच आहे, तो म्हणाला नाही गं, हा ऑर्गन. त्यांचा ऑर्गनवाला जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारा) सरळ मार्शल कंपनीच्या गिटार अँप्लिफायरमधून काढायचा म्हणून तो आवाज असा गुरगुरतो. मग मी तो पेटीवर बसवायला घेतला, डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने त्या उतरत्या सुरांच्या साखळ्या, एका हाताला झेपेनात तेव्हा भावाला भाता मारायला बसवलं आणि दोन हातांनी वाजवलं, आई आतून ओरडली की शेजारचे येतील आता. पर्पल १९९३ पासून पात्र होते. लॉर्ड गेला जुलै २०१२ मधे. समितीने बँडचं नाव पहिल्यांदा काढलं त्याच वर्षी ऑक्टोबरमधे, आणि आत घेतलं थेट २०१६ ला. मला ह्याचा मनापासून राग आहे. द्यायचं तर माणूस असताना द्या ना.

डोंबिवलीचा मेटलवाला

ताई, मस्त धागा. माझं नाव ठरलेलं आहे, आयर्न मेडन, ब्रिटिश हेवी मेटल बँड. १ फेब्रुवारी २००८, बीकेसीचं एमएमआरडीए मैदान. जगभराच्या दौऱ्याची सुरुवात त्यांनी आपल्या मुंबईपासून केली होती, बँडचं नाव रंगवलेलं बोईंग ७५७ घेऊन आले आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः पायलट. मी शुक्रवारचा हाफ डे टाकून निघालो तर दादरपासूनच डब्यात काळे टीशर्ट दिसायला लागले, कोण नाशिकहून आलेला, कोण शिलाँगहून दोन दिवसांचा प्रवास करून, ओळख ना पाळख पण वडापाव वाटून खाल्ले. फिअर ऑफ द डार्क सुरू झालं तेव्हा लोकांनी शब्द तर म्हटलेच पण गिटारची धूनसुद्धा ओओओ करत अख्ख्या मैदानाने म्हटली, आणि शेजारचा अनोळखी पोरगा माझ्या खांद्यावर हात टाकून रडत होता. त्याला माझ्यापेक्षा कमी इंग्रजी येत होतं. रेडिओवर फारशी वाजत नसताना ही गाणी आमच्यापर्यंत आली ती एकाची कॅसेट दुसऱ्याने कॉपी करून. १९८० चा पहिला अल्बम, म्हणजे २००५ पासून पात्र. २०२१ ला यादीत नाव आलं, मागे ठेवलं. २०२३ ला परत आलं, परत मागे. मेटलकडे बघायची ही जी नजर आहे ना तिच्याशी माझं भांडण आहे.

कोथरूडकर

मेटलवाले भाऊ, मेडन थोर आहेतच, पण डिकिन्सननेच त्या हॉलला जाहीरपणे झिडकारलंय, मग आपण कशाला जीव काढायचा?

डोंबिवलीचा मेटलवाला

ब्लॅक सॅबाथ ह्या मेटल बँडचा गायक ओझी ऑस्बर्न, त्यानेही १९९९ मधे पत्र लिहून सांगितलं होतं की आमचं नाव यादीतून काढा. पण २००६ ला घेतलं तेव्हा समारंभाला गेला की. आणि त्या रात्री सॅबाथची गाणी वाजवायला मेटॅलिका हा दुसरा मेटल बँड उभा होता. त्या लोकांना मान मिळालेला बघताना मला जे वाटलं ते मेडनसाठी पण वाटायला हवंय, इतकंच.

वाईची माणदेशी

माझा अनुभव वेगळा आहे. क्वीनला २००१ मधे घेतलं, त्यात वाद काहीच नाही. पण त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बलसारा, आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समधे शिकला, तिथेच पियानो शिकला आणि शाळेतल्या पोरांबरोबर द हेक्टिक्स नावाचा बँड काढला. मी लहानपणापासून घाट चढून पाचगणीला जातेय, स्ट्रॉबेरी, टेबल लँड, सगळं माहीत, आणि हे मला कॉलेजात गेल्यावर पुण्याच्या मैत्रिणीकडून कळलं! तेव्हापासून पाहुणे आले की मी आधी शाळेच्या रस्त्याने नेते आणि मगच टेबल लँड. परवा मावशीला सांगितलं, ती म्हणे अगं मग फलक का नाही लावत कुणी मोठा, चौकात. माझंही तेच म्हणणं आहे. क्लीव्हलँडवाल्यांनी त्यांचं काम केलं, आता आपण करूया.

ओहायोवासी

मी क्लीव्हलँडपासून तासाभरावर राहते. आय. एम. पेईने केलेली ती काचेची पिरॅमिडसारखी इमारत, १९९५ ला उघडलेली, ईरी तळ्याच्या अगदी काठावर. थंडीत तिथे वारा असा येतो की गाडीतून दारापर्यंत जाईस्तोवर कान दुखतात. मुलगी गिटार शिकते म्हणून तिला घेऊन गेले. तिने सन्मान मिळालेल्यांची नावं वाचत वाचत विचारलं, आई, पहिल्या वर्षी एकही बाई का नाही? १९८६ ला एल्विस, चक बेरी, लिटल रिचर्ड, रे चार्ल्स वगैरे, सगळे पुरुष. पहिली बाई अरीथा फ्रँकलिन, ती १९८७ ला. आणि सिस्टर रोझेटा थार्प, जी चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर ठणकावून वाजवायची, जिचं ऐकून ह्या पहिल्या वर्षीच्या पुरुषांतले कितीतरी घडले, ती १९७३ ला वारली आणि तिला घेतलं २०१८ ला. गायिका टीना टर्नरला १९९१ मधे माजी नवऱ्याबरोबर जोडीने घेतलं, तिच्या एकटीच्या नावाने यायला २०२१ उजाडलं. घरी येऊन आम्ही थार्पचे जुने व्हिडिओ लावले. पांढरा कोट, गळ्यात गिटार, आणि ती उजवा हात हवेत फिरवून परत तारेवर आणते, तेवढंच पोरगी मागे घेऊन घेऊन बघत होती. क्लासमधे आता त्याच व्हिडिओतलं गाणं बसवतेय.

मेटलवाले दादा, मेडनला माझं मत आहेच. पण ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी टीशर्ट घालून उभं राहत नाही त्यांच्यासाठी पण थोडं बोलूया.

कोथरूडकर

ताई, पटलं. थार्प आजच ऐकतो.

बेसवाला

मी बँडमधे बेस गिटार वाजवतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातही वाजवलाय, त्यामुळे माझी नजर नेहमी मागच्या रांगेत. पर्पलला घेतलं तेव्हा त्यांचा पहिला बेसिस्ट निक सिम्पर वगळला. पहिल्या तिन्ही अल्बमवर तो आहे! त्याच अल्बमवरचा गायक रॉड इव्हान्स आत आणि हा बाहेर. मेटॅलिकाने २००९ ला बरोबर केलं, सोडून गेलेला बेसिस्ट जेसन न्यूस्टेड, त्याला बोलावून दोन दोन बेस घेऊन वाजवलं आणि त्याच्याआधीचा, अपघातात गेलेला बेसिस्ट क्लिफ बर्टन, त्याच्या वडिलांना स्टेजवर आणलं. आम्हाला कार्यक्रमाच्या पोस्टरवर नाव मिळत नाही हो बऱ्याचदा, गायकाचा फोटो आणि खाली 'आणि सहकारी'. म्हणून हे मला लागतं.

सुल्तान्सप्रेमी

बेसवाले, तुमच्यासाठी खास. डायर स्ट्रेट्स ह्या बँडला २०१८ ला घेतलं. त्यांचा गायक-गिटारिस्ट मार्क नॉफ्लर आलाच नाही, आणि बँडची ओळख करून द्यायला बाहेरचं कोणी उभं राहिलं नाही, म्हणून बेसिस्ट जॉन इलस्ली स्वतः माइकवर गेला आणि आपल्याच बँडला आत घेतलं. मी हॉस्टेलवर असताना त्यांच्या सुल्तान्स ऑफ स्विंग गाण्यातली गिटारच ऐकायचो. ते भाषण बघितल्यावर परत लावलं, हेडफोन घालून, फक्त बेस धरून. नॉफ्लर दोन ओळींच्या मधे जिथे गिटारची तान घेतो तिथे इलस्ली जागचा हलत नाही, साधे सूर वेळेवर ठेवत जातो, म्हणून तर वरच्याला इतकं मोकळं खेळता येतं. तुम्ही वाजवता तर सांगा, त्या शेवटच्या सोलोखाली तो नेमकं काय करतोय? मला कानाने अजून पूर्ण सुटत नाहीये.